ऑनलाइन वर्गातील विद्यार्थी चौथ्या आठवड्यात मागे का पडतात? मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्याला नौपाड्यात राहते आणि वाणिज्य शाखेच्या शिकवण्या घेते. दिवाळीनंतर मी जीएसटी व रोजच्या हिशेबाचा 8 आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी बहुतेक करून वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीतील गाळ्यांवर बिले लिहिणारे किंवा कोपरखैरणे, ऐरोली भागांतील दुकानांचे हिशेब सांभाळणारे आहेत. दिवसभराचे काम उरकून ते रात्री मोबाइलवर शिकतात. एकूण 31 जणांनी नावे नोंदवली, तिसऱ्या आठवड्यापर्यंत 28 जण नियमित होते, आणि शेवटचा गृहपाठ मात्र केवळ 9 जणांकडून आला.

मोठ्या खुल्या अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत टिकणारे बहुधा 10 टक्क्यांच्या आतच असतात, याची मला कल्पना आहे. पण तेथे नुसत्या कुतूहलापोटी नाव नोंदवणारे पुष्कळ असतात. माझ्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या पगारातून शुल्क भरले आहे, त्यामुळे त्या आकड्यावर समाधान मानणे मला पटत नाही.

सुरुवातीला माझे व्हिडिओ 40 मिनिटांचे होते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे 69 लाख नोंदी तपासणाऱ्या 2014 च्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी लक्ष साधारणपणे 6 मिनिटांपलीकडे टिकत नाही, असे आढळले होते. ते वाचून मी प्रत्येक धड्याचे 6-7 मिनिटांचे तुकडे केले. व्हिडिओ पूर्ण पाहणारे वाढले, गृहपाठ पाठवणारे मात्र वाढले नाहीत.

खरी काळजी वाटली ती एका बिलामुळे. मसाला बाजारातील एका विद्यार्थ्याने राज्यांतर्गत आणि आंतरराज्य विक्रीच्या चाचणीत 10 पैकी 10 गुण मिळवले होते. पुढच्याच आठवड्यात त्याने रात्री उशिरा स्वतः लिहिलेल्या बिलाचा फोटो पाठवला. कोपऱ्यावर हळदीचा डाग, अक्षर नेटके, बेरीज अचूक. माल होता काळी मिरी, आणि तो सुरतेच्या व्यापाऱ्याला जाणार होता. तरीही त्यावर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के असा कर लावलेला होता. माल राज्याबाहेर जात असल्यामुळे तेथे 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित कर, हवा होता. दोन्ही रीतींनी एकूण रक्कम सारखीच येते, म्हणून चूक झाली आहे हे त्याच्या ध्यानात येण्याचा काही मार्गच नव्हता. माझी चाचणी त्याला गुण देत होती, पण गाळ्यावर उपयोगी पडत नव्हती.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. गृहपाठ खऱ्या बिलांवर द्यायचा ठरवला, तर प्रत्येकाचे काम तपासून टिपण लिहायला मला 20 मिनिटे लागतात. 30 जणांसाठी हे दर आठवड्याला कसे निभावावे? आणि मुदतीचे काय करावे? मुदत नसेल तर काम मागे पडत जाते, आणि कडक ठेवली तर एकदा चुकलेला विद्यार्थी संकोचाने परत येतच नाही. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या 8 आठवड्यांच्या अभ्यासक्रमात 8 पैकी सर्वोत्तम 6 स्वाध्यायांचेच गुण धरतात. लहान वर्गात ही पद्धत कोणी वापरून पाहिली आहे का?

प्रतिसाद

ताई, मी नेरुळला नोकरदारांना टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवतो. आपला चौथा आठवडा कोणत्या तारखांना येतो, ते आधी पाहावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांना जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) साठी 11 आणि जीएसटीआर-3बी (कराचा गोषवारा व भरणा) साठी 20 ही तारीख पाळावी लागते, आणि त्या दिवसांत हिशेबाच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. माझ्या वर्गातली गळती तेव्हाच होत असे. आता त्या आठवड्यात वेगळा गृहपाठ देत नाही. जे विवरणपत्र ते भरतात, त्यातच काय अडले ते 4 ओळींत लिहून मागतो.

मिरीच्या बिलाबाबत मला असे वाटते की चाचणी धड्याला लागूनच होती आणि सगळे प्रश्न एकाच नियमावर होते, त्यामुळे नियम कोणता लावायचा हे त्याला ठरवावेच लागले नाही. दर आठवड्याची सुरुवात जुन्या धड्यांच्या 3 मिश्र बिलांनी करा आणि कोणते बिल कोणत्या धड्याचे, ते सांगू नका. तपासणीसाठी 30 टिपणे लिहिण्यापेक्षा एक चुकलेले बिल नावे झाकून सर्वांपुढे ठेवा, जोडीजोडीने चूक शोधायला सांगा, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. 8 पैकी 6 ची सवलत अवश्य ठेवा, पण ती पहिल्याच दिवशी सांगा. मागाहून सांगितली तर तोपर्यंत गळालेले परत येत नाहीत.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. आत्ताच वही काढून पाहिली. चौथ्या आठवड्याच्या गृहपाठाची मुदत मी 10 तारखेला ठेवली होती. त्या रात्री ही मुले कुठे असतील याचा विचारच मी केला नव्हता. पुढची तुकडी महिन्याच्या 21 तारखेला सुरू करते आणि वेळापत्रक त्या हिशेबाने नव्याने मांडते. एक शंका उरते: बिले गाळ्याच्या मालकाची असतात. नावे आणि भाव झाकले तरी ती वर्गात वापरण्यापूर्वी परवानगी आपण विद्यार्थ्यामार्फत मागता, की मालकांशी स्वतः बोलता?