हाना रस्ता : अर्ध्या दिवसात नको

हवाईतील माउई बेटावरील हाना रस्ता, म्हणजे काहुलुई शहराकडून हाना गावाकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता, दुपारच्या जेवणानंतर निघून सूर्यास्तापर्यंत उरकण्याची योजना मला घाईची वाटते. काहुलुईपासून हाना सुमारे 80 किलोमीटर आहे, हे खरे. परंतु या अंतरात सहाशेहून अधिक वळणे आणि पन्नासहून अधिक पूल असून, त्यांपैकी बहुतेक पूल एकपदरी असल्याने समोरच्या वाहनांना वाट देत कुठेही न थांबता गेले तरी अडीच-तीन तास सहज लागतात. शिवाय उष्णकटिबंधात संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही आणि त्या वळणांवर अंधारात गाडी चालवण्यात काहीच मौज नाही.

म्हणून पहाटे निघावे. वाटेतले पाईआ गाव सोडल्यावर थेट हानापर्यंत पेट्रोलपंप नाही, तेव्हा टाकी तिथेच भरावी. हानाजवळच्या वाइआनापानापा उद्यानातील काळ्या वाळूचा किनारा पाहायचा असल्यास हवाईबाहेरच्या पर्यटकांना आगाऊ आरक्षण करावेच लागते. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे याच बाजूला पाऊस पाडतात. डोंगरात पाऊस झाला की खाली कोरडे असूनही ओढे अचानक फुगतात, त्यामुळे धबधब्याखाली उतरण्याचा मोह आवरावा.

एक गंमत अशी, की तिथे वाहने उजवीकडून चालत असल्यामुळे जाताना समुद्र पलीकडच्या बाजूस राहतो आणि परतताना मात्र आपली मार्गिका समुद्रालगत येते. छायाचित्रांचे काही थांबे परतीसाठी राखून ठेवावेत.