मदत हवी आहे: नेपाळी सिकर्नीत दालचिनी कधी आणि कशी घालावी?

टांगलेल्या दह्याची सिकर्नी श्रीखंडाची सख्खी बहीण शोभावी अशी असते. मात्र तिच्यात वेलदोड्याच्या जोडीला दालचिनी लागते आणि माझे घोडे तिथेच अडले आहे. बाजारातली जाड, गडद साल कुटून, वस्त्रगाळ करून चक्क्यात मिसळली, तर त्या दिवशी चव उत्तम लागते, पण रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर सिकर्नी किंचित बुळबुळीत होते आणि मागे तुरटपणा रेंगाळतो. तीच साल कोमट दुधात केशराबरोबर भिजवून गाळून घेतल्यास बुळबुळीतपणा जातो, पण वासही जातो. श्रीलंकेच्या पातळ सुरळीने पोत सुधारला, स्वाद मात्र फारच सौम्य आला. नेपाळमध्ये तमालपत्राच्या झाडाची सालही दालचिनी म्हणून वापरतात. ती इथे मिळत नाही.

दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, जेवणासाठी सिकर्नी आदल्या दिवशीच करून ठेवावी लागेल, दही म्हशीच्या दुधाचे, घरी विरजलेले असेल आणि इसेन्स वापरायचा नाही. जाणकारांनी कृपया सांगावे, की दालचिनी दही टांगण्यापूर्वी घालावी, साखरेबरोबर घोटावी की वाढताना वरून भुरभुरावी, आणि किलोभर चक्क्याला कोणत्या सालीची किती पूड पुरेल?