स्कूबासाठी बालीला जाताना : तुमचे बेत आणि तुमचे अनुभव

मिठागर
परवा भाच्याचा फोन आला. त्याने स्कूबासाठी बालीला जायचे ठरवले आहे, आणि शनिवारी दुपारी शेवटची डाइव्ह व रविवारी पहाटे विमान असा बेत तो मला मोठ्या कौतुकाने ऐकवत होता. ते ऐकताना मला बालीतल्या तुलांबेनचा काळ्या गोट्यांचा किनारा आठवला.

2014 साली आम्ही दोघे तिथे गेलो, तेव्हा बेत मीच आखला होता. आधी देवळे, मग भातखाचरे, मग खरेदी, आणि गोड शेवटी म्हणून डाइव्ह अखेरच्या दिवशी. नव्याकोऱ्या ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीच्या, प्रमाणपत्राच्या ऐटीत सकाळी केंद्रावर पोचलो, तर तिथल्या डाइव्हमास्टरने पासपोर्टच्या आधी परतीचे तिकीट मागितले. विमान त्याच रात्रीचे होते. त्यांनी तिकीट शांतपणे परत केले आणि आमच्या हातात सिलिंडरऐवजी नुसते मास्क आणि फिन्स, म्हणजे पायांत घालायची वल्ही, दिले.

जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालेले ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज याच किनाऱ्याला आणून लावले होते, आणि 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखी उसळला तेव्हा ते घसरून पाण्यात गेले. त्याचा वरचा भाग पृष्ठभागापासून पाचेक मीटरवर आहे आणि तळ तीस मीटरच्या आसपास. ज्या जहाजासाठी समुद्र ओलांडून गेलो, ते आम्ही वरून पोहत पाहिले. त्या दिवशी मला त्या माणसाचा फार राग आला होता.

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात विमानातल्या कमी दाबात गेलो, तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होते, ते रक्तात होऊ शकते. एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमान टाळावे असे मार्गदर्शन आहे, आणि बरीच केंद्रे सरसकट 24 तास सांगतात. भाच्याला हे सांगितले आहेच, पण तुम्ही असे बेत कसे आखलेत आणि ते कुठे फसले, तेही इथे लिहावे.

पाणकोंबडी
आमचा घोटाळा विमानाचा नव्हता, डोंगराचा होता. दोन दिवस बालीतल्याच आमेदच्या किनाऱ्यावर डाइव्ह केल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय पाहायचे ठरवले. बातूरचा माथा 1,700 मीटरच्या वर आहे आणि त्याच्या भोवतीचे किंतामणीचे कडेही 1,500 मीटरच्या आसपास आहेत. शरीराच्या दृष्टीने तेही एक छोटे विमानच. सुदैवाने केंद्रावरच्या मुलीने आदल्या संध्याकाळी सहज विचारले की उद्या कुठे जाणार, म्हणून वाचलो. डोंगर आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम तेव्हापासून आमच्या घरात पक्का आहे. सासूबाई मात्र अजून म्हणतात की, सूर्य काय, आपल्या गच्चीवरूनही दिसतो.

घाटमाथा
पाणकोंबडी, तुमचे वाचून धस्स झाले. आम्ही तारकर्लीला सकाळी डाइव्ह करतो, मालवणात सुरमईचे ताट जेवतो आणि दुपारी आंबोली घाटाने वर येतो. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे. हे चालते का?

मिठागर
घाटमाथा, 300 मीटरच्या वरची उंची डाइव्हच्या हिशेबात धरतात. पर्यटकांना नेतात ती डाइव्ह उथळ आणि थोड्या वेळाची असते, त्यामुळे तिचा भार कमी असतो. तरी खोल किंवा लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर ती रात्र मालवणातच काढावी, असे मी म्हणेन. सुरमई रात्रीही मिळते.

घाटमाथा
हे कारण घरी सांगण्यासारखे आहे. आभारी आहे.

चष्मेबहाद्दूर
माझा अनुभव कागदाचा आहे. मला लहानपणी दमा होता. केंद्रावर आरोग्याची प्रश्नावली भरताना मी प्रामाणिकपणे ‘होय’वर खूण केली, आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येणार नाही असे उत्तर मिळाले. ते बरोबरच होते. पण परक्या गावात डॉक्टर शोधणे, छाती तपासून घेणे आणि सही मिळवणे यात माझे दोन दिवस गेले, आणि सुट्टी होती सहा दिवसांची. ही प्रश्नावली आधीच मागवून घेता येते. ती इथेच आपल्या डॉक्टरांकडे न्यावी आणि खोटे ‘नाही’ कधीही लिहू नये.

दुसरे म्हणजे, माझा चष्मा उणे पाचचा आहे. मास्कच्या आत चष्मा बसत नाही. नंबरच्या काचांचा मास्क काही केंद्रांवर मिळतो, पण आपल्या नंबरचा मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून मी पुण्याहून करून नेला. पाण्याखाली सगळे एक तृतीयांश मोठे दिसते. बायकोचे म्हणणे असे की, माझ्या माशांच्या गोष्टींत ते पाण्याबाहेरही तसेच राहते.

उंबरा
मी तुलांबेनला गेले आणि पाण्यात उतरलेच नाही. विमानातल्या गारठ्याने सर्दी झाली, नाक चोंदले आणि कानांना दडे बसले. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कान मोकळे होत नसतील तर पडद्याला इजा होऊ शकते, हे शिकले होते, म्हणून हट्ट केला नाही. तीन दिवस किनाऱ्यावर बसून मी तिथल्या बायका पाहिल्या. त्या भरलेले सिलिंडर डोक्यावर घेऊन गोट्यांवरून चालत येतात. एकेका सिलिंडरचे वजन 15 किलोंच्या वर असते, आणि कधीकधी एकीच्या डोक्यावर दोन असतात. आपण त्याच गोट्यांवर रिकाम्या हातांनी धडपडतो. पुढच्या वेळी पहिला दिवस मोकळा ठेवीन, आणि विमानात कानटोपी घालीन, कोणीही हसले तरी.

कावळोबा
मार्चमध्ये जाणाऱ्यांनी न्येपीची तारीख आधी पाहावी. बालीचे ते शक नववर्ष. आपल्याकडे पाडव्याला गुढी उभारतात, तिथे त्या दिवशी दिवे, वाहने, समुद्र, सगळे बंद असते. विमानतळसुद्धा 24 तास बंद राहतो आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच थांबावे लागते. 2023 मध्ये न्येपी आणि पाडवा दोन्ही 22 मार्चलाच आले होते. आम्हाला हे तिकीट काढल्यानंतर कळले आणि मी एजंटाला मनातल्या मनात बरेच काही बोललो. पण शेवटची डाइव्ह 21 तारखेला सकाळी आणि विमान 23 तारखेला रात्री, असे आपोआप जमून आले. काळोखात अंगणात बसून इतके तारे मी नाशिक सोडल्यापासून पाहिले नव्हते.

उंबरा
कावळोबा, त्या दिवशी जेवण मिळते का?

कावळोबा
हॉटेल देते. शाकाहारी असाल तर सांबल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, विचारून घ्यावे; त्यात बहुधा तेरासी, म्हणजे कोळंबीपासून केलेला आंबवलेला मसाला असतो. मी दोन दिवस आवडीने खाल्ल्यावर मला ते कळले, आणि मी तिसऱ्या दिवशीही खाल्ले.

पाणकोंबडी
बालीजवळच्या नुसा पनिडा बेटाबद्दल कोणीच लिहिले नाही. जुलै ते ऑक्टोबरमध्ये तिथे मोला हा प्रचंड, चपटा मासा दिसतो, म्हणून सगळे त्याच काळात धावतात. पण तो वर येतो ते खालचे थंड पाणी वर येते म्हणून. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही मी तिथे कुडकुडले आहे, आणि प्रवाह तर कधी कधी माणसाला खाली ओढतो. नव्या माणसाने आधी तुलांबेनला हात बसवावा, पनिडा नंतर करावे. विमा काढतानाही स्कूबा त्यात धरला आहे का आणि किती मीटरपर्यंत, ते वाचून घ्यावे. आमच्या पहिल्या पॉलिसीत तो वगळलेला होता आणि मी ती पानेच उलटली नव्हती.

मिठागर
भाच्याने तिकीट सोमवारचे करून घेतले. फरकाचे पैसे भरावे लागले, त्याबद्दल तो माझ्यावर थोडा नाराज आहे. रविवारी पाण्यात उतरायचे नाही तर दिवसभर काय करू, असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला मास्क आणि फिन्स घेऊन ‘लिबर्टी’ वरून पाहायला सांगितले.