शेती ७० टक्के पाणी घेते मग आपण वाचवून काय उपयोग? (काल रात्रीची सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-१०३: फॉरवर्डेड मेसेज - जगात जेवढं पाणी वापरलं जातं त्यातलं ७० टक्के शेतीत जातं, २० टक्के कारखान्यांत आणि घरांत फक्त १० टक्के!! जगातलं ८० टक्के सांडपाणी प्रक्रिया न करताच सोडलं जातं!! सगळ्यांना पाठवा.

ए-१०३: हे वाचून मला खरंच प्रश्न पडलाय. घराघरात नळ बंद करा म्हणून सांगत बसतो आपण, पण घरांचा वाटाच जर एवढासा असेल तर त्याने फरक काय पडणार?

बी-२०४: शेती पाणी घेते म्हणजे शेतकरी घेतो असं कृपा करून कोणी म्हणू नका. तो पिकवतो ते आपण सगळे खातो. ते पाणी आपल्याच ताटात येतं, फक्त नळाने येत नाही एवढंच.

ए-१०३: नाही काका, तसं नव्हतं म्हणायचं मला

सी-३०१: काका बरोबर बोलतायत, आणि दादा तुमचा प्रश्नही बरोबर आहे. मी बरीच वर्षं आकडेवारीच्याच कामात होते म्हणून थोडं लांब लिहिते, वेळ मिळेल तसं वाचा. ७० चा आकडा साधारण बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आहे ना, एफएओ, त्यांची अ‍ॅक्वास्टॅट नावाची माहितीपेढी आहे, देशोदेशीचे आकडे त्यात गोळा होतात. जगभर मिळून वर्षाला अंदाजे ४,००० अब्ज घनमीटर गोडं पाणी घेतलं जातं आणि त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं. पण मेसेजमध्ये जो शब्द आहे "वापर", तिथेच सगळा घोळ आहे. या तक्त्यांमध्ये बहुतेक वेळा असतो तो उपसा. म्हणजे नदीतून, धरणातून, जमिनीतून किती पाणी काढलं एवढंच. त्यातलं किती संपलं आणि किती परत गेलं हा पूर्ण वेगळा रकाना आहे आणि पुष्कळ देशांकडे तो रकाना रिकामाच असतो.

बी-१०१: अब्ज घनमीटर म्हणजे नेमकं किती गं? डोळ्यासमोर काहीच येत नाही

सी-३०१: काकू, एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि तेवढीच उंच टाकी डोळ्यासमोर आणा. ती भरली की एक अब्ज घनमीटर. लिटरमध्ये एक लाख कोटी. अशा ४,००० टाक्या दरवर्षी.

बी-१०१: बापरे

डी-४०४: उपसा आणि खप, म्हणजे संपलेलं पाणी, यावर मी सांगतो, मी औष्णिक वीज केंद्रात नोकरी केली आहे. वाफ थंड करायला पाणी लागतं आणि जुन्या पद्धतीच्या केंद्रात ते नदीतून घ्यायचं, एकदा कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्रातून, फिरवायचं आणि थोडं गरम झालेलं परत नदीत सोडायचं असं चालतं. कागदावर बघितलं तर प्रचंड पाणी "वापरलं" असं दिसतं पण वाफ होऊन उडतं ते फार थोडं. आणि कूलिंग टॉवर लावला की एकदम उलट होतं, तेच तेच पाणी फिरवत राहतात म्हणून नदीतून घेणं खूप कमी होतं पण जे घेतलं त्यातलं बरचसं हवेत जातं. आता सांगा यातलं कमी पाणी वापरणारं केंद्र कोणतं? तुम्ही कुठला रकाना बघता त्यावर आहे.

सी-३०१: अगदी हेच! याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेचं. तिथली भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १९५० पासून २०१५ पर्यंत दर ५ वर्षांनी पूर्ण देशाचा पाण्याचा हिशोब काढत होती. २०१५ च्या हिशोबात रोजचा उपसा ३२२ अब्ज गॅलन (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर). त्यात औष्णिक वीज १३३, सिंचन ११८ आणि सार्वजनिक पाणीपुरवठा ३९. म्हणजे उपशात वीज पहिली, शेती दुसरी. पण त्याच अहवालात खप बघा, विजेने घेतलेल्या पाण्यातलं फक्त ३ टक्के संपतं, बाकी परत जातं, आणि सिंचनाचं ६२ टक्के संपतं, म्हणजे पिकातून आणि मातीतून वाफ होऊन जातं. देश तोच, वर्ष तेच आणि पहिला नंबर बदलला. म्हणून "सर्वात जास्त पाणी कोण वापरतं" असं कोणी ठोकून सांगितलं की मी आधी विचारते, उपसा की खप?

बी-२०४: म्हणजे शेतीचं तर आणखीच वाईट निघालं की हो ताई

सी-३०१: नाही काका, वाईट कशाला. पिकाने पाणी बाष्प करून सोडणं म्हणजेच पीक वाढणं, ते टाळता येत नाही. टाळता येतं ते कालव्यातून झिरपणारं, उघड्या रानात उडून जाणारं. त्यातही झिरपलेलं पाणी कुठेतरी विहिरीत उतरतंच, ते गेलं असं धरायचं की नाही यावर या विषयातली माणसंसुद्धा भांडतात. पण दादांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. शेतातलं पाणी बरचसं हवेत जातं. घरातलं पाणी हवेत जात नाही, ते पाईपमधून बाहेर जातं. अंघोळ, भांडी, कपडे, संडास, सगळं धरलं तर आपल्याकडे नियोजनात घरी आलेल्या पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात. त्यामुळे उपशाच्या तक्त्यात घरं शेवटी दिसतात आणि सांडपाण्याच्या तक्त्यात एकदम पुढे येतात.

ए-१०३: अच्छा!! हे डोक्यातच आलं नव्हतं

ए-५०२: शेतातून जे खतं आणि फवारणीचं पाणी वाहून येतं ते सांडपाण्यात नाही का धरत?

सी-३०१: सहसा नाही. सांडपाण्याचे आकडे पाईपमधून किंवा गटारातून येणाऱ्या पाण्याचे, घरं, दुकानं, संस्था, कारखाने. शेतातून सगळीकडून थोडं थोडं येतं ते मोजायला एक तोंडच नसतं, त्याला पसरलेलं प्रदूषण म्हणून वेगळं अंदाजतात. म्हणजे नदी किती घाण झाली हे फक्त सांडपाण्याच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

बी-१०१: आणि ते ८० टक्के प्रक्रिया न करता सोडतात ते खरं आहे का

सी-३०१: हा आकडा मला खरंच टोचतो काकू. तो संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या जागतिक जलविकास अहवालात होता आणि तेव्हापासून सगळीकडे फिरतोय. हाताशी माहिती फार कमी होती तेव्हाचा ढोबळ अंदाज होता तो. नंतर २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी देशवार आकडे जमवून, जिथे नव्हते तिथे गणिताने अंदाज काढून नवा हिशोब मांडला. जगात वर्षाला ३५९ अब्ज घनमीटर सांडपाणी तयार होतं, त्यातलं ६३ टक्के गोळा होतं, ५२ टक्के प्रक्रियेतून जातं. राहिलेलं ४८ टक्के तसंच सोडलं जातं.

ए-१०३: म्हणजे ८० नाही, ४८. मग परिस्थिती चांगली आहे म्हणायची?

सी-३०१: चांगली नाही हो, निम्मं म्हणजे काय कमी आहे का. आणि तिसराही आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि यूएन हॅबिटॅट फक्त घरगुती सांडपाण्याचा हिशोब ठेवतात, त्यांच्या मते २०२२ मध्ये घरगुती सांडपाण्यातलं ५८ टक्के सुरक्षित प्रक्रिया झालेलं होतं, ४२ टक्के नाही. तीन आकडे तीन गोष्टींचे. एक ढोबळ अंदाज, एक घरं कारखाने सगळं मिळून, एक फक्त घरांचा आणि त्यात "सुरक्षित" ची अट. नुसती जाळी लावून कचरा काढला आणि गाळ बसवला तरी काही देश "प्रक्रिया केली" म्हणतात, काही देश जैविक प्रक्रिया झाल्याशिवाय म्हणत नाहीत.

डी-४०४: आणि क्षमता हा अजून एक खेळ. एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारा प्लांट, बांधला म्हणजे चालतोच असं नाही.

सी-३०१: त्यावर तर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपल्या देशाचाच आकडा घ्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल. शहरी भागात रोज तयार होणारं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी, म्हणजे दशलक्ष लिटर रोज. उभारलेली क्षमता ३१,८४१. त्यातली चालू असलेली २६,८६९. आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होतं ते २०,२३६. आता कोणी सांगितलं "देशाकडे ४४ टक्के क्षमता आहे" तर ते खोटं नाही, आणि कोणी सांगितलं "२८ टक्केच प्रक्रिया होते" तर तेही खरं. चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पाणी गळतंय. मला आजही तो तक्ता बघितला की शेवटच्या दोन पायऱ्यांचा त्रास होतो, म्हणजे टाकी बांधून तयार आहे, यंत्र बसलेलं आहे, आणि तरी पाणी तिथपर्यंत पोचत नाही.

बी-२०४: का पोचत नाही?

डी-४०४: काका, कारणं बरीच असतात. घरापासून प्लांटपर्यंतची लाईन टाकलेली नसते, किंवा घरांची जोडणीच झालेली नसते, पाणी नाल्याने थेट नदीला जातं. मग प्लांट अर्धा रिकामा चालतो. वीज बिल, चालवणारी शिकलेली माणसं, सुटे भाग, हे सगळं दरवर्षी लागतं आणि बांधकामाचा पैसा एकदाच मिळतो. शिवाय प्लांटमधले जंतूच घाण खाऊन पाणी साफ करतात, त्यांना पुरेसं अन्न आणि हवा मिळाली नाही की ते मरतात, मग परत सुरू करायला कितीतरी दिवस.

ए-५०२: ७२,३६८ इतका नेमका आकडा मोजतात कसा? प्रत्येक गटाराला मीटर आहे का

सी-३०१: नाही, मोजत नाहीत, अंदाज आहे. लोकसंख्या, माणशी पाणीपुरवठा, त्यातलं किती बाहेर येतं असं गुणाकाराने. शेवटचे आकडे ६८ असे दिसले की मोजल्यासारखं वाटतं पण ते गुणाकाराचं उत्तर असतं. आणि फक्त शहरी आहे हे विसरू नका. सेप्टिक टँकवाल्या घरांचं काय धरायचं हा पण मोठा प्रश्न, कितीतरी देश फक्त ड्रेनेज लाईनला जोडलेल्या घरांचाच आकडा पाठवतात, मग जिथे लाईन कमी तिथे सांडपाणीही कमी दिसतं! संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग दर २ वर्षांनी देशांना प्रश्नावली पाठवतो पण भरून येताना खूप रकाने कोरे. शाश्वत विकास ध्येयांत २०३० पर्यंत प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचं प्रमाण निम्म्यावर आणायचं ठरलंय, पण निम्मं म्हणजे कशाचं निम्मं हे कळायला सुरुवातीचा आकडा तर हवा.

बी-१०१: मग आम्ही पाणी कमी वापरलं तर घाण कमी होते का? साधं सांग

सी-३०१: साधं सांगायचं तर पाणी कमी होतं, घाण नाही. एका माणसामागे रोज किती घाण पाण्यात जाते ते साधारण ठरलेलं असतं, युरोपात त्याचं मापच आहे, माणशी ६० ग्रॅम बीओडी, म्हणजे ती घाण कुजवायला जंतूंना ५ दिवसांत जेवढा ऑक्सिजन लागतो तो. तुम्ही एक बादली वापरा नाहीतर चार, ते ६० ग्रॅम तेवढेच. पण चार बादल्या लांबून आणायला, शुद्ध करायला, वर चढवायला आणि परत साफ करायला वीज लागते, आणि प्लांटची जागा नुसत्या पातळ पाण्याने भरते. म्हणून वाचवायचं. पण नुसतं वाचवून नदी साफ होणार नाही, त्यासाठी बाहेर जाणारं पाणी कुठे जातं हे विचारायला लागेल.

डी-४०४: गळती पण धरा. २०१९ च्या एका अभ्यासानुसार जगभर पाणीपुरवठा यंत्रणांमधून वर्षाला १२६ अब्ज घनमीटर पाणी असं जातं ज्याचं बिलच होत नाही, पाईप फुटलेले, चोरी, बंद मीटर सगळं मिळून. ते सुद्धा कागदावर घरांच्याच नावावर पडतं.

ए-५०२: साफ केलेलं पाणी परत वापरणारे देश कोणते? इस्रायल ऐकलंय

सी-३०१: हो, तिथे जवळजवळ ९० टक्के सांडपाणी साफ करून बहुतेक शेतीलाच देतात. सिंगापूरमध्ये ते इतकं शुद्ध करतात की त्यातलं थोडं धरणातही सोडतात. आणि नामिबियाच्या विंडहूक शहरात तर १९६८ पासून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात. काका, यात तुमच्या शेतकऱ्याचाच फायदा आहे बघा, शहराने नदीतून घेतलेलं पाणी साफ होऊन शेतात गेलं तर दोघांना मिळून एकदाच उपसा.

बी-२०४: हे पटलं. पण साफ झालेलं पाहिजे, नाहीतर गटाराचं पाणी भाजीला घालतात आणि तक्त्यात पुनर्वापर म्हणून लिहितात.

सी-३०१: काका, अगदी मोलाचं बोललात. म्हणूनच त्या २०२१ च्या अभ्यासात फक्त प्रक्रिया करून ठरवून वापरलेलं वेगळं काढलंय, ते ११ टक्केच निघतं. न साफ केलेलं पाणी शेतात जातं ते त्यात नाही.

ए-१०३: ताई मी मेसेज बदलून परत टाकतो, बघा बरोबर आहे का. "जगात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं सुमारे ७० टक्के शेतीसाठी असतं. घरांचा वाटा कमी आहे पण घरातलं बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर जातं. २०२१ च्या अंदाजानुसार जगातलं ४८ टक्के सांडपाणी प्रक्रिया न होता सोडलं जातं."

सी-३०१: छान झालंय. फक्त "वापरल्या जाणाऱ्या" काढा आणि "उपसल्या जाणाऱ्या" करा.

ए-१०३: केलं 🙏