हिंडलग्याहून सुटलेल्या पोराला कामावर घ्यावं काय?

लेथवाला (उद्यमबाग)
माझं लहान मशीन शॉप आहे. गावाकडचा एक पोरगा काम मागायला आलाय. शेतातल्या मोटरीची तांब्याची वायर चोरल्याच्या केसमध्ये बेळगावच्या हिंडलगा जेलात होता, आता जामिनावर बाहेर आहे. त्याच्याच केसमधला दुसरा पोरगा जामीनदार मिळेना म्हणून अजून आतच आहे. पोराचा हात बरा आहे. टूलला धार लाव म्हटलं तर अँगल बघून लावली, नुसत्या ठिणग्या उडवल्या नाहीत. पण मला काम देणारी एक पार्टी कामगारांचं पोलीस व्हेरिफिकेशन मागते. घरात तर म्हणतात, असल्यांना आतच ठेवावं. काय करू?

कोर्टाजवळचा कारकून
आतच ठेवा म्हणणाऱ्यांना खर्च विचारा की. २०२२ अखेर देशातल्या जेलांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती, त्यातले चारात तीन कच्चे कैदी. गुन्हा शाबीत नाही, पण जेवण, औषध, तारखेला न्यायला पोलीस आणि गाडी, सगळं सरकारच्या खर्चानं. आणि किती जण नुसते जामीनदारासाठी अडकलेले! जामीनदार म्हटला की आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) मागतात. ज्याच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यानं आणायचा कुठून? (त्यात कागद कन्नडात. पण ते काढलं तर धागा सीमाप्रश्नावर जाईल, राहू दे.)

आतल्या पोराचं बघा. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिलाच गुन्हा असेल, तर त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे वर्षभर आत काढल्यावर मुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय नुसत्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं. अर्ज जेल अधीक्षकानं स्वतः करायचा असतो. दुसरी केस अंगावर असली तर मात्र उपयोग नाही. पैशासाठी अडलं असेल तर गरीब कैद्यांसाठी २०२३ ची केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्यालाही मदत मिळते.

तुमच्या पोराला तारखेची सुट्टी द्याच. गैरहजर राहिला की वॉरंट, मग परत आत.

खानापूरची
आमच्या दिराला सुटल्यावर कुणी काम देईना. गावात काही चोरीला गेलं की आधी त्यालाच बोलावणं. शेवटी जेलात ओळख झालेल्यानंच काम दिलं. कसलं ते सांगत नाही. आता परत आत आहे.

आटपाडीकर
आमच्याकडं स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं १९३९ मध्ये वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह राहून शेती करतात. भिंत नाही, मग पहाराही थोडा. कर्नाटकाचं खुलं जेल तिकडं देवनहळ्ळीजवळ. बेळगावच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

लेथवाला (उद्यमबाग)
ताई, तुमचं वाचून ठरवलं. पार्टीला आधीच सांगून टाकतो, त्यांच्या मालावर त्याला लावत नाही. दुसऱ्या लेथवर बुश करू दे. गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) चुरा मात्र रोज मीच तोलणार, त्यात तडजोड नाही. सोमवारपासून ये म्हटलं तर म्हणतो, मंगळवारी तारीख आहे.