मदत हवी आहे: मुलाला एडीएचडी आहे, घरच्यांना कसं पटवू?

नमस्कार. मुलगा 8 वर्षांचा, तिसरीत आहे. गेल्या महिन्यात एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि चळवळ आवरणं अवघड जातं, तो विकार) निदान झालं. डॉक्टरांनी घाई केली नाही. एक प्रश्नावली आम्ही भरली, एक वर्गशिक्षिकेने, कारण लक्षणं घरी आणि शाळेतही, किमान 6 महिने दिसावी लागतात. दोन्हींत जवळपास तेच आलं.

अडलंय ते घरात. सासूबाई म्हणतात, "याचा बापही असाच होता, काय बिघडलं?" (हे बऱ्याचदा आनुवंशिक असतं, म्हणजे त्या नकळत डॉक्टरांचंच म्हणणं सांगतायत.) नवरा म्हणतो, "खेळातली क्रेन जोडताना दोन तास जागचा हलत नाही. म्हणजे लक्ष आहे, अभ्यासाचा कंटाळा आहे. दोन रट्टे दे."

इथे मी गप्प होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं त्याला जमत नाही. मला ते त्याच्या वहीत दिसतं. काल वजाबाकीची पाच गणितं होती. पहिली दोन बरोबर. तिसऱ्यात हातचा घेतला आणि पुढे काहीच नाही. समासात क्रेन, हुकासकट. मी नुसती वही उचलली तर त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. मारेन म्हणून. निदानाआधी मी त्याला खूप मारलंय. ते हात डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पालकांचं प्रशिक्षण आणि सोबत मेथिलफेनिडेट हे औषध सुचवलंय. भूक मंदावू शकते, झोप लांबू शकते, म्हणून वजन-उंची बघत राहणार आहेत. घरात त्याला "गुंगीच्या गोळ्या" म्हणतात. ते उत्तेजक गटातलं औषध आहे असं सांगितलं, तर नवरा आणखीच भडकला: "आधीच एवढा चळवळ्या, त्याला उत्तेजक देणार?"

तुमच्या घरी असा विरोध होता का? कशामुळे मावळला? नवऱ्याला एकट्यालाच डॉक्टरांकडे पाठवू का? औषध चालू केलेल्यांनी जेवणाच्या वेळा कशा बसवल्या? आणि शाळेत औषधाचं सांगितलंत का? पहिल्या बाकावर बसवतील हे खरं, पण पोरं चिडवतील याची धास्ती आहे.

"गोड बंद करा, आपोआप शांत होईल" हे कृपया नको. साखरेने एडीएचडी होत नाही.

शनिवारी पुन्हा जायचंय. त्याआधी कुणी लिहिलं तर फार बरं होईल.