पायांच्या आगीवर ॲमिट्रिप्टिलिन : ७१ वर्षांच्या वडिलांना ही गोळी देताना काय सांभाळावे?

इंदिरानगरकर :

नमस्कार. माझ्या वडिलांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. गेली दोन वर्षे रात्री त्यांच्या तळपायांची इतकी आग होते की निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत असतानाही ते पायांवरचे पांघरूण भिरकावून देतात. दहा दिवसांपूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री घ्यायला सांगितली. भाच्याने मोबाइलवर शोधून ‘हे नैराश्याचे औषध आहे’ असे वाचून दाखवल्यापासून आईने घर डोक्यावर घेतले आहे. ‘यांच्या डोक्याला काय झाले आहे?’ हा तिचा प्रश्न.

माझी काळजी थोडी वेगळी आहे. अण्णांच्या तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ झाले आहे आणि परवा रात्री लघवीला उठताना त्यांना चक्कर आली. चौकट हाताशी होती म्हणून सावरले. ते प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाची एक गोळी घेतात. सध्या सर्दी झाल्याने दुकानातून आणलेली सर्दीची गोळीही चालू आहे. दवाखान्यात फोन केला, तर ‘पुढच्या तारखेला या’ एवढेच उत्तर मिळाले. गोळी बंद करावी का? आणखी एक शंका अशी की, एका मराठी पानावर या औषधाबरोबर द्राक्षे वर्ज्य असल्याचे वाचले, आणि पिंपळगावच्या मामांकडून तर क्रेटच येऊन पडले आहे.

निवृत्त फिजिशियन, नाशिकरोड :

आईंना सांगावे की हे औषध वडिलांच्या नसांसाठी दिलेले आहे. या ट्रायसायक्लिक गटातले पहिले औषध इमिप्रामिन. ते नैराश्यावर उपयोगी पडते, हे स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ रोलांट कून यांनी १९५७ मध्ये मांडले. ॲमिट्रिप्टिलिन त्यानंतर काही वर्षांत आले, आणि गटाला चिकटलेले नैराश्याचे नाव तसेच राहिले. नैराश्यासाठी याची मात्रा बहुधा ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लागते, तर नसांच्या वेदनेसाठी १० पासून सुरुवात करतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारी, वेदनेचे संदेश दाबणारी यंत्रणा या औषधाने बळकट होते. रुग्णाला नैराश्य असो वा नसो, हा गुण येतो. मात्र त्याला काही आठवडे लागतात, त्यामुळे दहा दिवसांत निकाल लावू नये.

तरीही मात्रा लहान आहे म्हणून निश्चिंत राहा, असे मी म्हणणार नाही. आपण महादेवाला धोतरा वाहतो. धोतऱ्याची विषबाधा झालेला रुग्ण ज्याने एकदा पाहिला, त्याला कोरडे पडलेले तोंड, विस्फारलेल्या बाहुल्या, तुंबलेली लघवी आणि असंबद्ध बडबड विसरता येत नाही. धोतरा शरीरात ॲसिटिलकोलिन या नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाची जी वाट अडवतो, तीच ही औषधेही अडवतात, अर्थात पुष्कळ सौम्यपणे. प्रोस्टेट वाढलेल्या माणसात तेवढेही लघवी अडवायला पुरते. धार बारीक झाली, जोर करावा लागू लागला, तर तारखेची वाट पाहू नये. लघवी पूर्ण थांबली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. काचबिंदूच्या एका प्रकारात या औषधाने डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो, म्हणून वडिलांना काचबिंदू असल्यास ते डॉक्टरांना सांगितले आहे ना, हे पाहावे.

चक्कर मला अधिक खटकते. ॲमिट्रिप्टिलिन, टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाची गोळी ही तिन्ही उभे राहताना रक्तदाब खाली आणू शकतात, शिवाय जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांना आवळणाऱ्या नसाही मंदावलेल्या असतात. घरी यंत्र असेल तर त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. तोवर रात्री दिवा चालू ठेवा, आणि पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसल्याशिवाय त्यांना उठू देऊ नका. (माझ्या उमेदीच्या काळात खुब्याचे हाड मोडून आलेले कितीतरी वृद्ध मध्यरात्री मोरीकडे जाताना पडलेले असत.)

ईसीजी काढला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. हे औषध हृदयातील विद्युतवहन मंदावते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाचा ब्लॉक (म्हणजे हे विद्युतवहनच अडणे) असेल, तर ते देत नाहीत. या वयात आणि मधुमेहात मी तरी ईसीजी पाहिल्याखेरीज सुरू केले नसते. गोळीचा निर्णय डॉक्टरांकडूनच घ्यावा, पण तो या आठवड्यात घ्यावा.

औषधविक्रेता, सिडको :

फिजिशियन साहेबांनी लिहिलेल्यात दुकानाच्या अनुभवाची थोडी भर घालतो. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असते, जे स्वतःच तोंड कोरडे करते, झोप आणते आणि लघवी अडवते. ती आजच थांबवून वाफारा घ्यावा. दुसरे, अण्णांना पायांसाठी पूर्वी कोणी गोळी दिली होती का, ते पाहा. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिनच्या कितीतरी पट्ट्यांवर नावापुढे ‘एनटी’ ही अक्षरे असतात, ती नॉरट्रिप्टिलिनची. ॲमिट्रिप्टिलिनचे शरीरात जे रूपांतर होते तेच हे औषध, म्हणजे दोन डॉक्टरांकडून एकाच गटाची दोन औषधे नकळत पोटात जातात. ट्रामाडोल असलेली वेदनाशामके, किंवा फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची औषधे यांबरोबरही हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि दारू तर नकोच.

द्राक्षांचे म्हणाल, तर तो भाषांतराचा घोळ आहे. इंग्रजीत ज्याला ग्रेपफ्रूट म्हणतात, ते पपनसाच्या जातीचे लिंबूवर्गीय फळ. काही औषधांशी त्याचे खरोखर जमत नाही. पिंपळगावच्या द्राक्षांचा त्याच्याशी काही संबंध नाही. साखर वाढेल ती मात्र वाढेलच.

पंचवटीतील वाचक :

मी हेच औषध दोन वर्षे नैराश्यासाठी घेतले, १०० मिलिग्रॅमपर्यंत. बरे वाटू लागल्यावर दिवाळीच्या गडबडीत मी ते एकदम सोडले आणि तिसऱ्या दिवसापासून मळमळ, डोकेदुखी, रात्रभर तळमळ असे सुरू झाले. आजार उलटला असे मला वाटले. प्रत्यक्षात तो औषध तुटल्याचा परिणाम होता. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करून काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ते उतरवले. एखाद्या रात्री गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, हेही त्यांनीच बजावले.

नैराश्यासाठी हे घेणाऱ्यांच्या घरच्यांना एक सांगावेसे वाटते. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णांत, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात आणि या गटाची औषधे जास्त प्रमाणात घेतली गेली तर जीवघेणी ठरतात. म्हणून माझी पट्टी यजमानांच्या कपाटात असे आणि एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या आणल्या जात. असे विचार मनात येत असतील, तर १४४१६ या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

इंदिरानगरकर :

सर्वांचे मनापासून आभार. अण्णांचा औषधांचा डबा उघडला आणि त्यात गतवर्षी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली प्रीगॅबालिन-एनटीची पट्टी निघाली. अण्णा ती रोज घेत होते आणि नव्या डॉक्टरांना ते कोणीच सांगितले नव्हते, चूक आमचीच. आडवे असताना त्यांचा रक्तदाब १३८/८० होता, उभे राहिल्यावर पहिल्याच मिनिटाला ११०/६८. हा कागद आणि सगळा डबा घेऊन काल दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो ठीक निघाला. मात्रा लहान आणि दिवस थोडे असल्यामुळे ॲमिट्रिप्टिलिन लगेच थांबवले, जुनी गोळी तूर्त ठेवली आणि मूत्रपिंडाची तपासणी सांगितली. तिच्या अहवालानंतर नुसते प्रीगॅबालिन द्यायचे की आणखी काही, हे ठरेल. उरलेल्या आठ गोळ्यांचे काय करावे?

औषधविक्रेता, सिडको :

‘कधी लागल्या तर’ म्हणून त्या डब्यात ठेवू नका, आणि शेजारच्या कोणाचे पाय जळजळतात म्हणून त्यांनाही देऊ नका. आमच्याकडे आणून दिल्या तरी चालतील. घरात नातवंडे येत असतील, तर तोवर त्या कुलपात ठेवा; लहान मुलाच्या पोटात यातल्या थोड्या गोळ्याही गेल्या, तरी झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. तसे कधी घडलेच, तर उलटी करवत किंवा लक्षणांची वाट पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि पट्टी बरोबर न्यावी.